बाटलेलं मेटल

मेटलवाल्यांनी हसायचं नसतं. कपाळाला आठ्या, अंगात काळं, गाण्यात प्रलय. एवढं सोवळं पाळलं की पुरे. प्रायमस या बँडने १९९१ साली ‘सेलिंग द सीज ऑफ चीज’ हा अल्बम काढून ते पार बाटवलं. त्यांचा लेस क्लेपूल बास वाजवत नाही, बडवतो: अंगठ्याने तार ठोकायची, बोटाने उचकटायची आणि वर नाकातून कुणा रेसकार ड्रायव्हरची कर्मकथा सांगायची. ‘टॉमी द कॅट’ या गाण्यातला बोका तर साक्षात गायक टॉम वेट्सच्या घोगऱ्या आवाजात बोलतो. मेटालिकाने क्लेपूलला ऑडिशननंतर परत पाठवलं होतं. उपकारच म्हणायचे! चाहते मैफलीत ‘प्रायमस भिकार’ अशी आरोळी ठोकतात. ती दाद असते. विनॅम्प या म्युझिक प्लेयरवाल्यांना यांचं गोत्र लावता आलं नसावं; त्यांच्या संगीतप्रकारांच्या यादीत ‘प्रायमस’ हा स्वतंत्र प्रकारच आहे.