छत्रीची कुंची

हरिश्चंद्रगडावर मुक्कामाला जाणाऱ्या प्रत्येक गटात एक सर्वज्ञ असतो. "शरीरातली निम्मी उष्णता डोक्यातून जाते," असं तो कोकणकड्याच्या वाऱ्यात, स्वतः बोडक्या डोक्याने सांगतो. 2008 सालीच दोन अमेरिकी डॉक्टरांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये ही समजूत निकालात काढली होती. डोकं म्हणजे अंगाच्या पृष्ठभागाचा जेमतेम 10 टक्के भाग. उधळून उधळून ते किती उधळणार?

"तुझी निम्मी जात असेल," हे ऐकून माझी आत्या म्हणाली. "वर केस कुठेत अडवायला?"

तरी गडावरच्या मुक्कामासाठी मी टोपी शिवायला घेतली. माकडटोपी बाजारात मिळते, हे घरातल्या प्रत्येकाने मला सांगून झालं होतं. पण लोकरीच्या विणीतून कड्यावरचा वारा खुशाल आरपार जातो. वर वारा अडवणारं कापड आणि आत हवा कोंडून धरणारा फुगीर थर, अशी टोपी हवी. कापडासाठी पतपेढीने वार्षिक सभेत वाटलेली छत्री उसवली. थरासाठी पॉलिएस्टरच्या रजईचा एक कोपरा कामी आला. (बायकोला ते थंडी पडल्यावर कळेल.)

आत्याची हयात गोधड्या शिवण्यात गेली. तिने लगेच सुईत दोरा ओवला.

"आत्या, मधे धावदोरा नको. टाका पडला की थर चेपतो, हवा जाते, नेमकी तिथून थंडी शिरते."

"आणि कापूस एका कोपऱ्यात गोळा झाला म्हणजे?"

"कापूस नाही हा, सलग थर आहे. कडेने शिवला की पुरे."

आत्याने माझ्याकडे विकतच्या पुरणपोळीकडे पाहावं तसं पाहिलं.

पुढे गणित आलं. डोक्याचा घेर 57 सेंटिमीटर, थराची जाडी दीड. अस्तर आणि वरचं कापड एकाच मापाचं कापलं तर मधला थर चेपणार. म्हणून वरचा घेर दोन गुणिले पाय गुणिले जाडी, म्हणजे साधारण साडेनऊ सेंटिमीटरने मोठा हवा. मी कागदावर हे मांडत होतो तोवर आत्याने रजईचा तुकडा माझ्या डोक्याला गुंडाळला, वरून टेप फिरवली आणि म्हणाली, "साडेसहासष्ट." उत्तर तेच.

छत्रीच्या कापडाला टाचणीचं भोक कायमचं राहतं, म्हणून कपडे वाळत घालायचे चिमटे लावून शिवलं. कपाळापासून मानेपर्यंत एक पट्टी, दोन बाजूंना कान झाकणारे दोन तुकडे, मागे मानेवर झूल, हनुवटीखाली बंद. उलटी शिवलेली टोपी सुलटी केली, तर पतपेढीच्या जाहिरातीतला 'तारण' हा शब्द बरोब्बर कपाळावर आलेला.

"अरे, ही तर कुंची!" आत्या म्हणाली. "बारशाला तुला अशीच घातली होती. फक्त तेव्हा तू तारण नव्हतास."

टोपी अजून गडावर गेलेली नाही. कार्तिकातल्या काकडआरतीला आत्या ती घालून गेली, तेव्हापासून भजनी मंडळाची मागणी सुरू आहे. शिवून देईन म्हणालोय. छत्री मात्र जिची तिने आणायची.