शिंक नाकाची, आळ दह्यावर

नाकाला तक्रार करायच्या तऱ्हा मोजक्याच येतात: शिंकणं, गळणं, चोंदणं आणि खाजणं. घशाकडे त्याहूनही कमी, खवखव आणि खोकला. कारणं मात्र डझनांनी आहेत. गादीतला किडा असो, फोडणी असो की रक्तदाबाची गोळी, वरून दिसणारा प्रकार साधारण एकच, आणि त्याचं निदान घरात डॉक्टरच्या आधी होऊन जातं: ‘अ‍ॅलर्जी’. लगोलग दही, केळं आणि पेरू यांना अटक होते. तिघंही बहुधा निर्दोष असतात. अन्नाच्या खऱ्या अ‍ॅलर्जीत ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात, उलट्या होतात. नुसतंच नाक गळून ती थांबली असं क्वचित घडतं. तरीही दह्याची वाटी उचलली जाते आणि कोपऱ्यातली उदबत्ती तेवढी तेवत राहते.

खऱ्या अ‍ॅलर्जीत शरीर एखाद्या निरुपद्रवी पदार्थाला शत्रू समजतं आणि त्याच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार करतं. ती नाकातल्या आणि त्वचेतल्या मास्ट पेशींवर दबा धरून बसतात. तोच पदार्थ पुन्हा आला की या पेशी हिस्टामिन सोडतात. पुढचं काम रुमालाचं.

घरच्या आरोपींत पहिला मान धुळीतल्या माइटचा. हा कोळ्याच्या गोतावळ्यातला आठ पायांचा जीव, लांबी जेमतेम पाव मिलिमीटर. माणसाच्या अंगावरून झडणारा कातडीचा कोंडा हे त्याचं अन्न असल्यामुळे अंथरुणात त्याचं ताट कायम वाढलेलं असतं. तो पाणी पीत नाही, हवेतला ओलावा अंगात शोषून घेतो. म्हणून कोकण आणि मुंबई त्याला मानवते, आणि आर्द्रता बराच काळ पन्नास टक्क्यांच्या खाली राहिली की तो वाळून मरतो. चावण्याचा आरोप त्याच्यावर करता येत नाही. त्रास होतो तो त्याच्या विष्ठेच्या गोळ्यांचा. आजीच्या जुन्या लुगड्यांची पदरावर पदर घालून शिवलेली गोधडी ही त्याची वडिलोपार्जित वाडी. घटस्थापनेच्या आधी घरातलं झाडून सगळं अंथरूण-पांघरूण नदीवर नेऊन धुवायची रीत त्याला निदान वर्षातून एकदा हिसका दाखवत असे. फ्लॅटमध्ये गोधडी मशिनमध्ये मावत नाही आणि साठ अंशांच्या पाण्यात माइट मरत असले, तरी लुगड्याचा रंगही जातो. मग ती गॅलरीच्या कठड्यावर टाकून काठीने झोडपली जाते. माइट घट्ट धरून राहतात, गोळ्या उडतात आणि त्या झोडपणाऱ्याच्या नाकात जातात. शिंका आल्या की तो आत येऊन विचारतो, काल दही कोणी वाढलं होतं?

झुरळांचंही असंच, फक्त ती कबूल करायला कोणी तयार नसतं. बुरशी पावसाळ्यात कपाटामागच्या भिंतीवर येते. घरमालकाच्या मते ती ओल नसून भाडेकरूने खिडक्या बंद ठेवल्याचा परिणाम असतो. माळ्यावरचे जुने दिवाळी अंक धूळ आणि बुरशी दोन्ही एकाच गठ्ठ्यात पुरवतात.

घराबाहेर पराग. त्यांचा गुन्हा सिद्ध केला तो मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅक्ली यांनी. त्यांना स्वतःलाच हा त्रास होता. उंचावरचे पराग पकडायला त्यांनी चिकट काचपट्ट्या बांधून पतंग उडवले आणि १८७३ साली सगळं पुस्तकात मांडलं. महाराष्ट्रात या खात्यात गाजर गवताचं नाव मोठं आहे. भारतात त्याची ठळक नोंद १९५५ साली पुण्यात झाली. पुण्याने देशाला काय काय दिलं हे सांगताना पुणेकर ही एक बाब मोठ्या मनाने वगळतात.

दुसरा गट अ‍ॅलर्जीचं सोंग घेणाऱ्यांचा, आणि त्यात सगळी घरचीच मंडळी आहेत. तेल तापतं, मोहरी तडतडते, सुकी मिरची पडते आणि तिच्यातलं कॅप्सेसिन धुराबरोबर वर उठतं. नाकातल्या ज्या ग्राहींनी उष्णता ओळखायची, त्यांनाच ते जाऊन चिकटतं आणि मेंदूला निरोप जातो की आग लागली. ही ग्राही डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ साली शोधून काढली, आणि २०२१ च्या नोबेलमध्ये त्या शोधाचा मोठा वाटा होता. यात आयजीईचा काहीच संबंध नसल्याने अ‍ॅलर्जीच्या गोळीने ठसका थांबत नाही. खिडकी उघडल्याने थांबतो. मग शेजाऱ्यांना लागतो.

देवघरातल्या धुराला धूर म्हणायची पद्धत नाही, पण नाक पुरेसं श्रद्धाळू नसतं. डासांच्या कॉइलचा हिशोब तर भलताच आहे: २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले. पाहुण्याने बाहेरच्या ओट्यावर एक सिगारेट ओढली म्हणून आठवडाभर बोलणारी घरं रात्री दारं-खिडक्या लावून पाळण्याखाली कॉइल लावतात. फटाक्यांच्या बाबतीत पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने केलेल्या मोजणीत सगळ्यात जास्त सूक्ष्म कण नागगोळीने सोडले, हजाराच्या लडीलाही मागे टाकून. आवाज नाही, म्हणून ती सगळ्यात लहान मुलाच्या हाती दिली जाते.

तिसरा गट औषधं आणि सवयींचा. चोंदलेलं नाक मोकळं करणारे झायलोमेटाझोलिनसारखे थेंब आठवड्यापलीकडे घेत राहिलं की परिणाम ओसरताच नाकातल्या रक्तवाहिन्या आणखी फुगतात. थेंबच नाक चोंदवतात आणि थेंबच सोडवतात, अशी खंडणी चालू होते. रात्री साडेदहाला जेवून अकराला आडवं झालं की जठरातलं आम्ल घशापर्यंत येतं आणि सकाळी खाकरणं सुरू होतं. रामिप्रिल, एनालाप्रिल या जातीच्या रक्तदाबाच्या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो, तोही कधी कधी काही महिन्यांनी, त्यामुळे गोळीवर संशय येत नाही. ती परस्पर बंद करायची नसते, डॉक्टरकडून बदलून घ्यायची असते. उन्हात पाऊल टाकताच शिंकणाऱ्यांचा प्रकार निव्वळ आनुवंशिक; त्यात दोष द्यायचाच तर वडिलांना किंवा आईला, आणि तो सासरची माणसं देतातच.

मनाचाही यात हात असतो. बाल्टिमोरच्या जॉन मॅकेन्झी या डॉक्टरांनी १८८६ साली गुलाबाचा त्रास असलेल्या एका बाईंसमोर हुबेहूब गुलाब धरला. बाईंचं नाक बघता बघता भरून आलं. गुलाब कृत्रिम होता.

खरी आणि सोंगाडी अ‍ॅलर्जी वेगळी करायला त्वचेवर टोचून चाचणी करतात. हातावर माइट, झुरळ, बुरशी, पराग यांच्या अर्काचे थेंब ओळीने टाकायचे, त्यातून हलकेच टोचायचं आणि पंधरा-वीस मिनिटं थांबून कुठे गांध उठते ते पाहायचं. ताडून पाहण्यासाठी एक थेंब हिस्टामिनचा असतो, तो सगळ्यांनाच उठायला हवा. चाचणीआधी काही दिवस अ‍ॅलर्जीच्या गोळ्या बंद ठेवायला सांगतात. डॉक्टरपुढे शिंका यायला नकोत म्हणून बरेच जण सकाळी एक घेऊनच निघतात. मग हिस्टामिनच्या थेंबालाही गांध उठत नाही, आणि त्यांना पुढच्या आठवड्याची वेळ दिली जाते.