अडगळीचे सोने करण्याचा शास्त्रोक्त विधी

भांडवल : भाड्याचा टेम्पो, पॉलिश पेपर, थोडी लाख आणि चेहऱ्यावर भरपूर निर्विकारपणा. सुतारकाम येण्याची अट नाही. ते येणारा माणूस रोजावर मिळतो.

१. मालप्राप्ती. पुनर्विकासाचा फलक लागलेली इमारत गाठावी. गिरगाव, दादर, पुण्यातल्या पेठा, कुठेही चालेल. घरातले काका सांगतील, “अहो, अस्सल बर्मा टीक आहे. वडिलांनी करवून घेतलेलं.” आपण कपाटाकडे न पाहता जिन्याकडे पाहावे आणि म्हणावे, “काका, उतरवायलाच चार माणसं लागतील.” एवढ्यात आतून चिरंजीव ओरडतात, “बाबा, देऊन टाका हो, नव्या घरात कुठे ठेवणार?” भाव इथेच ठरतो. घरोघर हिंडण्याचा कंटाळा असेल तर मुंबईत ओशिवरा आणि चोरबाजार आहेत, पुण्यात जुना बाजार आहे. मात्र तिथला दुकानदार हा विधी आपल्याआधी शिकलेला असतो.

२. परीक्षा. खण बाहेर ओढून त्याची मागची बाजू बघावी. दर्शनी बाजूने सगळेच सागवान असते. बारीक भोकांखाली ताजी, पिठासारखी भुकटी दिसली तर किडा अजून आत राहतो आहे. त्याला औषध द्यावे. भोके आहेत पण भुकटी नाही, म्हणजे तो बहुधा जागा सोडून गेला. मग भोके वयाचा पुरावा म्हणून अभिमानाने दाखवावीत.

३. घासणे. पॉलिश पेपर ८० नंबरपासून चढत्या क्रमाने २२० पर्यंत न्यावा आणि हात लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच चालवावा. आडवे ओरखडे पॉलिशखाली लपत नाहीत, उलट उठून दिसतात. व्हिनिअर पुष्कळदा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते, तेव्हा उत्साह आवरावा. खालचा प्लाय दिसू लागलाच, तर त्या जागी फुलदाणी ठेवून फोटो काढावा. एक सूचना मात्र गंभीरपणे घ्यावी : घरगुती रंगातल्या शिशावर आपल्याकडे ९० पीपीएमची मर्यादा लागू झाली ती २०१७ च्या नोव्हेंबरात. त्याआधीचा रंग कोरडा घासून त्याची धूळ उडवू नये, आणि लहान मुलांना तिथे फिरकू देऊ नये.

४. पॉलिश. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवरच्या किड्यापासून लाख मिळते. तिचे पापुद्रे स्पिरिटमध्ये विरघळवून कापडात गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्याने थरावर थर द्यायचे. हात मध्येच थांबला की बोळा चिकटतो आणि डाग पडतो, म्हणून पॉलिशवाला काम करताना बोलत नाही. ती उणीव विक्रेत्याने भरून काढावी. या पॉलिशवर गरम कप ठेवला की पांढरे वर्तुळ उमटते. पीयू किंवा मेलामाइन जास्त टिकाऊ, पण हे ग्राहकाला सांगू नये. “यावर चहा ठेवायचा नसतो,” एवढेच म्हणावे. ज्यावर काहीच ठेवायचे नाही असे टेबल फार खानदानी वाटते.

५. वयवृद्धी. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार वस्तू साधारणपणे किमान १०० वर्षांची असावी लागते. तेवढा वेळ नसल्यास लोखंडी कीस व्हिनेगरमध्ये भिजत घालावा. लाकडाला आधी कडक चहाचा हात द्यावा, वाळला की हे पाणी लावावे. चहातले टॅनिन आणि लोह यांची गाठ पडून लाकूड काळवंडते. दुपारच्या झोपेत दोन पिढ्या उलटतात. याच कायद्याने पुरावशेष खाजगी माणसाला परदेशी पाठवता येत नाहीत. म्हणून न्यू जर्सीच्या भाचेसुनेने चौकशी केल्यास त्याच कपाटाचे वय ताबडतोब कमी करावे.

६. कथा. इराणी हॉटेलातली वाकवलेल्या लाकडाची खुर्ची हाती लागल्यास खरा इतिहास असा : मिखाएल थोनेट या कारागिराने वाफेवर लाकूड वाकवून १८५९ मध्ये १४ नंबरची खुर्ची काढली, सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एका घनमीटरच्या पेटीत मावत. पण हे खरे असल्यामुळे कोणाला भावत नाही. त्याऐवजी “हिच्यावर बसून एका मोठ्या कवीने...” असे म्हणून वाक्य सोडून द्यावे. पुढचे ग्राहक स्वतः रचतो आणि त्यावर विश्वासही ठेवतो.

७. विक्री. टेम्पो, हमाल, पॉलिशवाल्याचा रोज, सगळे मिळून किमतीचा छोटा भाग होतो. उरलेली किंमत हळहळीची. ग्राहक बहुतेकदा पहिल्या पायरीवरच्याच घरातला असतो, फक्त एका पिढीने पुढचा. पावसाळ्यात फुगलेल्या मॉड्युलर कपाटाला कंटाळून आलेली नात दारावरून हात फिरवते : “अगदी असंच आमच्या आजोबांकडे होतं!” इथे दहा टक्के वाढवावेत. कपाट खरोखर आजोबांचेच असू शकते, म्हणून दाराच्या आत चिकटवलेला दुधाच्या हिशेबाचा कागद आधीच घासून काढलेला बरा.

८. भवितव्य. भुशाच्या फळीत घासायला लाकूडच नसते, त्यामुळे आजच्या घरांतून पुढच्या विक्रेत्याला काही मिळणार नाही. धंदा सागवान आहे तोवरच, तेव्हा घाई करावी. स्वतःच्या घरात मात्र मॉड्युलरच ठेवावे. सागवान एकदा घरात शिरले की मग विकवत नाही.