बिनपट्ट्याच्या श्वानपालनाची कार्यपद्धती

ज्या नगरात पशुवैद्यकाचे महाविद्यालय 1958 पासून आहे आणि ज्याच्या वाट्याला पुढे पशुविज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही आले, त्या नागपुरात श्वानपालनाच्या एका प्रमुख शाखेकडे, म्हणजे पट्टा असूनही तो न लावण्याच्या कलेकडे, एकाही ग्रंथकाराचे लक्ष जाऊ नये, ही खेदाची बाब होय. सेमिनरी हिल्सच्या चढावर, सिव्हिल लाइन्सच्या सावलीच्या रस्त्यांवर आणि अंबाझरीच्या काठी या कलेचे निष्णात उपासक नित्य दृष्टीस पडतात. परंतु नवोदितांचा हात धरणारा कोणी नाही. सबब हा खटाटोप.

प्रथम पट्ट्याविषयी. पट्टा अवश्य विकत घ्यावा आणि तो उत्तम प्रतीचा, शक्य तर चामड्याचा असावा. कारण जो मुळात जवळच नाही, तो न लावण्यात पुरुषार्थ कसला? त्याचे एक टोक कुत्र्याच्या गळ्याशी अडकवावयाचे असते हा समज दुकानदारांनी पसरविलेला असून, जाणत्या मालकाने तो संपूर्ण पट्टा दुहेरी करून स्वतःच्याच मानेभोवती टाकावा, म्हणजे कोण कोणास फिरावयास घेऊन आला आहे याविषयी पाहणाऱ्याच्या मनात किंतु राहत नाही. वेळ पहाटेची निवडावी. उन्हाळ्यात येथे पारा 45 अंशांपलीकडे जातो, डांबर तापून पंजे भाजतात, आणि कुत्रा बाहेर काढण्यास सकाळच काय ती सोसवते. त्याच सकाळी मुलेही खेळावयास बाहेर पडतात, हा योग मात्र निव्वळ दैवाने जुळवून आणलेला आहे.

आता मुलांचे प्रकरण, जे या शास्त्राचा गाभा आहे. चार वर्षांच्या मुलीचे मुख आणि पूर्ण वाढलेल्या अल्सेशियनचे मुख यांच्या उंचीत फारसे अंतर नसते. मुलीच्या हातात बिस्किट असते. कुत्रा जवळ येताच ती घाबरून तो हात डोक्यावर नेते. हात वर गेला की बिस्किटामागे कुत्र्याचे पुढचे दोन पायही वर जातात आणि तिच्या छातीवर टेकतात. मग ती किंचाळून पळते, आणि पळणाऱ्यामागे पळणे हा तर त्या जातीचा उपजत धर्मच. या सर्व काळात मालकाने वीस पावलांवर उभे राहून प्रसन्न मुद्रेने एकच वाक्य उच्चारावयाचे असते: ‘‘काही नाही करत जी तो!’’ हा एक प्रकारचा सरकारी दाखलाच समजावा. फरक इतकाच, की अर्जदार, पंच, तहसीलदार आणि शिक्का मारणारा कारकून हे सारे एकच इसम असतात. मुलीची आई अद्याप समाधान पावली नसल्यास पुढचे वाक्य योजावे: ‘‘पळू नको बेटा, पळालं की तो धावतो.’’ एवढ्याने गुन्ह्याची जबाबदारी फिर्यादीकडे विनासायास वर्ग होते.

क्वचित विपरीत अनुभव येतो. ‘‘तुमचा कुत्रा काही करत नाही नं? मंग माही काठीबी काही करत नाही जी,’’ असे म्हणून एखादी नातवाला घेऊन निघालेली आजी दोन पावले पुढे सरकते. अशा वेळी युक्तिवाद न करता रस्ता बदलावा.

या दाखल्याला प्राचीन आधारही आहे, हे सांगावयास हवे. महाभारताच्या आदिपर्वात जनमेजयाच्या सत्रात शिरलेल्या कुत्र्याला, म्हणजे देवशुनी सरमेच्या पुत्राला, राजाच्या भावांनी मारले, तेव्हा त्याच्या मातेने यज्ञभूमीत येऊन कैफियत मांडली, की माझ्या मुलाने हविर्द्रव्य चाटले नाही, त्याकडे पाहिलेदेखील नाही. तिथे ते खरे होते, आणि उत्तर न मिळाल्याने राजास शाप भोगावा लागला. आमच्या मालकवर्गाने सरमेचे वाक्य तेवढे उचलले आहे. ते खरे असण्याची अट कालौघात गळून पडली.

दुसऱ्याचा कुत्रा पट्ट्यात बांधलेला दिसल्यास आपला त्याच्यावर समोरून सोडावा आणि ‘‘ओळख करून घेऊ द्या दोघांना,’’ असे म्हणावे. श्वानसमाजात भेटीचा शिष्टाचार वळसा घेऊन, बाजूने येऊन हुंगण्याचा आहे, आणि तोंडावर धावून जाणे तिथे उद्धटपणाचे मानतात, ही माहिती मालकास नसणेच सोयीचे. बांधलेल्यास मागे हटावयाची मुभा नसते, म्हणून तो दात दाखवितो. त्याने दात दाखविताच ‘‘तुमचा फार रागीट दिसतो,’’ असा शेरा मारून पुढे व्हावे. मोहल्ल्यातील बेवारस मंडळींपुढे मात्र ही मात्रा चालत नाही. त्यांच्या हद्दी ठरलेल्या असतात, आणि कोपऱ्यावरच्या पोहेवाल्याच्या गाडीपलीकडे पाऊल टाकणाऱ्या परदेशी वंशाच्या पाहुण्यास ते पाच-सहा जण एकमुखाने परत पोचवून देतात.

कायद्याची भीती धरू नये, पण तोंडओळख असावी. 1951 च्या पोलीस अधिनियमाचे कलम 106 हिंस्र कुत्रा मुसक्याविना रस्त्यावर मोकळा ठेवण्यास मनाई करते. आपला हिंस्र नाही, हा निवाडा आपण वर केलाच आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 अन्वये, जनावरापासून संभवणाऱ्या धोक्याविषयी बेपर्वाई केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. 1960 चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा, उलटपक्षी, आखूड किंवा जड साखळीने जनावर अवाजवी काळ बांधून ठेवणाऱ्यासही दोषी धरतो, आणि सदा बांधलेल्या कुत्र्यास व्यायाम न देणाऱ्यासही. म्हणजे सरकारचे म्हणणे, फिरवा, पण धरून. आमच्या संप्रदायात वाचन पहिल्या शब्दापाशी थांबते. ऑक्टोबर 2022 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने भटक्या कुत्र्यांना सार्वजनिक जागी खाऊ घालण्यावर बंदी घातली आणि खाऊ घालणाऱ्यांनी त्यांना रीतसर दत्तक घ्यावे असे सांगितले, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने दत्तकाची सक्ती रोखली, आणि शहरभर वाद पेटला; तेव्हा वंशावळीचे कागद बाळगणाऱ्यांनी शांतपणे असा निष्कर्ष काढला, की कायदा ही बेवारसांसाठी केलेली तजवीज आहे.

दात लागलाच, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी लागते आणि दवाखाना गाठावा लागतो. दंडात घ्यावयाच्या लशीच्या तारखा साधारणतः 0, 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी पडतात. हे सर्व मुलाच्या घरच्यांनी करावयाचे असल्याने येथे विस्तार करीत नाही. मालकाने आपल्या कुत्र्याचे लसीकरणाचे कार्ड तेवढे दाखवावे.

शेवटी एकच प्रसंग उरतो, ज्यास ही पद्धती लागू नाही: समोरून आपल्याहून थोर देहाचा, आपल्याइतकाच मोकळा रॉटवायलर येतो. त्या क्षणी वरील सर्व कलमे तहकूब समजून ‘‘पट्टा लावा हो, पट्टा!’’ अशी फुटाळ्यापर्यंत पोहोचेल अशी हाक द्यावी आणि आपले जनावर उचलून छातीशी धरावे. लॅब्राडॉर तीस किलोंच्या घरात भरतो. तेव्हा कमरेतून न वाकता गुडघ्यांतून वाकावे.