अण्णांची खोकी

मार्च उजाडला की आमच्या सोसायटीतले अण्णा चपलांची रिकामी खोकी जमवायला लागतात. हल्ली खोकी म्हटलं की लोकांना राजकारण आठवतं. अण्णांच्या खोक्यांत मात्र फक्त कापूस असतो. बाजूंना भोकं, झाकणावर स्केचपेनने 'अतिदक्षता विभाग'.

अण्णा 36 वर्षं बँकेत कॅशियर. खाली पडलेलं काहीही उचलून सुरक्षित जागी ठेवायचं, ही सवय हाडात मुरलेली. पूर्वी नोटा होत्या, आता पिल्लं.

परवा जास्वंदीखाली बुलबुलाचं पिल्लू बसलं होतं. अंगभर पिसं, चोचीच्या कोपऱ्याला पिवळी किनार, शेपूट बोटाच्या पेराएवढी आणि चेहऱ्यावर सगळं जग देणं लागत असल्याचा भाव.

"कोणी हलू नका! अनाथ आहे!" अण्णा गरजले.

अनाथाचे आईबाप वायरवर बसून, एकाच्या चोचीत नाकतोडा तसाच, अण्णांच्या नावाने शंख करत होते. अण्णांना वाटलं, धन्यवाद देताहेत.

खोकं आलं. ड्रॉपर आला. दुधात भिजवलेला पावही आला.

"अहो, त्याची आई काय डेअरीच्या रांगेत उभी राहते?" काकूंनी गॅलरीतून विचारलं.

तेवढ्यात प्राणिशास्त्र शिकणारी नात खाली आली. "आजोबा, पाखरांना दूध पचत नाही. आणि ड्रॉपरने पाणी ओतू नका, श्वासनळीचं तोंड जिभेच्या बुडाशीच असतं. गुदमरेल ते."

"अगं, पण पडलंय!"

"पडलं नाही, उतरलंय. पिसं फुटली की पिल्लं घरट्यातून बाहेर येतात. नीट उडता येईपर्यंत काही दिवस खालीच उड्या मारतात, आईबाप तिथंच भरवतात. बिनपिसांचं असतं तर उचलून घरट्यात ठेवायचं."

"माणसाचा हात लागला की आई टाकते म्हणतात..."

"टाकत नाही. हाताच्या वासावर पोर सोडणारी आई कुठली?"

"मग मी काय करू?"

"काही नाही. लांब बसा."

अण्णांचा चेहरा बघवेना. 'काही करू नका' हे त्यांना 60 व्या वर्षी बँकेनेही सांगितलं होतं. शेवटी नातीनेच तोड काढली: पिल्लू झुडपाच्या सावलीत सरकवायचं आणि मांजराला फिरकू द्यायचं नाही.

पिल्लू सरकवताना बुलबुलाने टकलावर पावती दिली होती, म्हणून अण्णा हेल्मेट घालून 20 फुटांवर खुर्ची टाकून बसले. मांडीवर वही. त्या वहीतली पहिल्या दिवसाची पानं मी पाहिली आहेत:

'8.10 – नाकतोडा जमा. 8.17 – सुरवंट जमा. 8.25 – मांजर, परत पाठवले. 8.31 – सुरवंट जमा.'

अनाथाच्या खात्यावर सकाळपासून 14 वेळा जमा झाली होती. अण्णांनी त्याखाली लाल शाईने रेघ मारली आणि पाव-दूध स्वतःच खाल्लं.

तिसऱ्या दिवशीची नोंद एवढीच: 'पिल्लू भिंतीवरून पलीकडे. खाते बंद.'

अण्णांकडे आता एकच खोकं उरलंय, झाकणावर मजकूर नवा: 'जखमी असेल तरच. वनविभाग 1926.' खाली पडलेलं पिल्लू दिसलं तर तुम्हीही आधी हात मागे घ्या आणि वर, वायरीकडे बघा. मालक बहुधा तिथंच बसलेला असतो.