पहूरकर आणि खारं पाणी

जामनेर तालुक्यातल्या पहूरच्या माणसाला पाणी दोनच प्रकारचं माहीत: पिण्याचं आणि पिकाचं. तिसरा प्रकार त्याला भेटतो मालवणच्या धक्क्यावर. मागे कौलारू घरांचं जुनं गाव, पुढे अरबी समुद्र, मधे डुलणाऱ्या होड्या. पहूरहून आलेल्या जथ्यातल्या आबांनी नावाड्याला विचारलं, "एवढं पानी, अन् कपाशीले चालत न्हाई?"

"खारा आसा, आबानू," म्हणत नावाड्याने त्यांच्या सदऱ्यावर नारिंगी जाकीट चढवलं.

समोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग. 25 नोव्हेंबर 1664 रोजी शिवाजी महाराजांनी त्याचं काम सुरू केलं. पायात शिसं ओतलं, 48 एकरांच्या बेटाला तट घातला. महादरवाजा असा दडवला, की होडी आता तटावर आपटणार असं वाटेपर्यंत तो दिसत नाही. डोळे गच्च मिटून रामरक्षा म्हणणाऱ्या वहिनींवर मात्र ही सगळी युक्ती वाया गेली.

राजाराम महाराजांनी बांधलेल्या शिवराजेश्वर मंदिरात सगळे हात जोडून उभे राहिले. मग दिसल्या दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. चहूकडे खारट समुद्र आणि मधे गोड्या पाण्याच्या तीन विहिरी! किल्ला पाहणं तिथेच संपलं. खोल किती, वैशाखात आटते का, मोटर किती एचपीची लागेल? बुरूज दाखवायला आलेला वाटाड्या बिचारा विहिरीच्या काठावर ताटकळत राहिला. बोअर मारून नुसता फुफाटा पाहिलेल्या माणसाला तोफेचं काय कौतुक!

खरं तर जहाज पहूरला अगदीच परकं नाही. जवळच्या अजिंठ्यात, 2 क्रमांकाच्या लेण्यात, तीन डोलकाठ्यांचं जहाज रंगवलेलं आहे. गोष्ट पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची. तो शूर्पारकचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा. (लोकल पकडायची सोय तेव्हा नव्हती, म्हणून जहाज.) त्याच लेण्यांच्या पायथ्याची वाघूर पुढे पहूरला येते, तापीला मिळते, आणि तापी सुरतेपलीकडे समुद्राला.

परतीच्या होडीत कॉलेजातल्या नातवाने ही माहिती पुरवली आणि आबांची कळी खुलली.

"म्हंजे यात आपलंबी पानी हाये! आपण गोड धाडलं, अन् यांनी खारं करून ठेवलं."

नावाड्याने हसत मान डोलावली. भाड्यातला मात्र रुपयाही सोडला नाही.