क्लबात कशाला जायलीस?

तेरखेड्याला फोनवरून बातमी गेली ती एवढीच, की लेकीनं क्लबात नाव घातलं. वाशी-कळंबच्या पट्ट्यात क्लब म्हणजे पत्त्यांचा, आणि तो पेपरात येतो धाड पडल्यावर. आजीनं फोन हिसकावून घेतला. ‘क्लबात कशाला जायलीस? मेजरसाहेबाला माहीत हाय का?’ फोनवर आजीला निम्मं ऐकू येत नाही, पत्र मात्र ती तीन-तीनदा वाचून घेते. म्हणून कॅन्ससहून उत्तर आलं ते चार पानी, कडेला हळदीच्या बोटांसकट.

जावई, म्हणजेच मेजरसाहेब, अमेरिकेतल्या लेव्हनवर्थच्या लष्करी कॉलेजात वर्षभराच्या कोर्साला आहेत. १८९४ साली तिथं पहिला परदेशी अधिकारी शिकायला आला, स्वित्झर्लंडचा. आपले बिपिन रावतही १९९७ मध्ये तिथंच शिकले. हा मजकूर अण्णांसाठी, पारावर सांगायला. आजीच्या वाट्याला वेगळा परिच्छेद: ‘क्लब म्हणजे फौजींच्या बायकांचं मंडळ. पत्ते नाहीत, भिशीसुद्धा नाही. जुन्या वस्तूंचं दुकान चालवतात आणि त्या पैशातून पोरांना शिष्यवृत्त्या देतात.’

फौजी बायकांचं मंडळ लेकीला नवं नाही. आपल्याकडची ‘आवा’ १९६६ पासून आहे. दिव्यांग मुलांच्या आशा शाळा, वीरनारींची विचारपूस, शिवणाचे वर्ग असा तिचा पसारा. त्याशिवाय प्रत्येक युनिटच्या लेडीज मीट असतात, त्या वेगळ्या. त्यांचा निरोप यायचा: चार वाजता, सिल्कची साडी, पाच मिनिटं आधी. जायचं की नाही असा प्रश्नच नसतो. पोराला ताप असला तरी आधी फोन जातो आणि पाठोपाठ तिघी बघायला येतात, ताप खरा आहे का ते. इथं फॉर्म भरा, वर्गणी भरा आणि खुशाल घरी बसा. गेल्या बैठकीला ती गेली नाही, तर कुणी का म्हणून विचारलं नाही. ‘सुटले म्हणून दोन दिवस बरं वाटलं,’ असं लिहून पुढची ओळ तिनं खोडली आहे. खोडलेलं दिव्यासमोर धरून वाचायची आईची सवय तिला माहीत आहे, तरीही.

मग काकूंचं प्रकरण. काकूंनी बचत गटात नव्या सुनेचं नाव घेतलं नाही. कारण काय, तर तिच्या आधारवर अजून सासरचं नाव चढलेलं नाही. खरं कारण, लग्न पळून जाऊन झालं, हे अख्ख्या आळीला ठाऊक. यावर लेकीनं दीड पान खर्ची घातलं. अमेरिकेतल्या फोर्ट ब्रॅगच्या छावणीत २०१२ च्या अखेरीस अ‍ॅशली ब्रॉडवे नावाच्या बाईनं अधिकाऱ्यांच्या जोडीदारांच्या क्लबात नाव मागितलं. तिची जोडीदार लेफ्टनंट कर्नल, आणि तीही बाईच. क्लबानं नवऱ्या-बायकांना मिळणारं लष्करी ओळखपत्र मागितलं. तेव्हाच्या कायद्यात असं लग्न केंद्र सरकार मानतच नव्हतं, तर ओळखपत्र येणार कुठून? बोभाटा झाला. क्लबानं ‘खास पाहुणी’ करून घेतो म्हणून तोडगा काढला, तो बाईनं परत केला. जानेवारी २०१३ मध्ये तिला पूर्ण सभासद करून घ्यावंच लागलं. ‘काकूंना वाचून दाखवा. दोन बायकांच्या संसाराचं ऐकून त्या देव्हाऱ्यापुढे बसतील ते बसू द्या, पण ओळखपत्राचं ते नक्की ओळखतील.’

कुकरची शिट्टी झाली म्हणून पत्र तुटलंय. पुन्हा सुरू झालं ते थेट संतापात.

मराठवाड्याची शिवकाशी म्हणवणाऱ्या गावची ही लेक. आणि छावणीच्या हद्दीत घरगुती फटाक्यांना बंदी! दिवाळीत फुलबाजीसुद्धा नाही. बाहेर गावात ४ जुलैच्या मागेपुढे तंबू ठोकून फटाके विकतात, पण बाटलीत उभा करून सोडायच्या बाणाला सगळ्या कॅन्ससमध्ये मनाई. लवंगीच्या जातीच्या फटाक्यात दारू किती असावी? कायद्यानं ५० मिलिग्रॅम. ‘एवढी तर आपल्याकडं संध्याकाळी हात धुताना नखातनं निघते. अण्णा, तुमचा सुतळी बॉम्ब इथं रणगाड्यांसोबत मोजतील.’ सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये दिवाळीला रात्री आठ ते दहाची वेळ बांधून दिली, तेव्हा गावानं किती बोटं मोडली होती! निदान दोन तास तरी होते.

४ जुलैची आतषबाजी तिनं पाहिली. माणसं सतरंज्या टाकून टाळ्या वाजवत होती. पहिला मोठा आवाज झाला आणि तिनं आभाळाकडं नाही, खाली क्षितिजाकडं पाहिलं, धूर कुठून उठतो ते. तेरखेड्यात वाढलेल्या माणसाची मान तशीच वळते. तिथले रात्रीचे साडेनऊ, म्हणजे गावाकडे सकाळचे आठ, बायका कारखान्याच्या वाटेला लागायची वेळ. तिनं फोन लावला आणि आईला विचारलं काय, तर कोथिंबिरीचा भाव. फोन कशासाठी होता, ते आईला या पत्रातून कळलं.

भावाचाच विषय निघाला म्हणून ज्वारी. अमेरिकेत सगळ्यात जास्त ज्वारी कॅन्ससमध्ये पिकते. मैलच्या मैल तांबडी कणसं, बुटकी, एका उंचीची. कॉलेजानं नेमून दिलेल्या यजमानीणबाईंना तिनं भाकरीचं सांगितलं तर त्यांना नवल वाटलं. ज्वारी जनावरांना जाते, नाहीतर इथेनॉलला. दुकानात पीठ मिळतं, देखण्या पुडीत, किलोला सातशे रुपयांच्या घरात. त्या पैशात घरी वीसेक किलो मालदांडी येईल. तरी तिनं पुडी आणली. पीठ जुनं, भाकरी थापताना कडेनं चिरत गेली. जावयांनी तुकडे दुधात कुस्करून खाल्ले आणि ‘झकास’ म्हणाले, हे आईनं विशेष लक्षात घ्यावं अशी सूचना आहे.

शेवटचं पान नुसत्या चौकशांचं. सोयाबीन घातलं का, की अजून भावाची वाट बघत घरातच? येरमाळ्याच्या यात्रेत चुन्याचे खडे वेचायला यंदा कोण कोण? पार्सलमधली शेंगाचटणी पोचली. डब्याला दोरी अण्णांनीच बांधली असणार, कात्रीनंही सुटेना. पुढच्या खेपेला चटणी दुप्पट पाठवा, क्लबातल्या एका बाईनं पावाला लावून अर्धी संपवली. आणि काकूंनी त्या पोरीचं नाव घातलं की लगेच कळवा, पत्रानं नको, फोननं.